नादाचा कारागीर लिओ फेंडर

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा एक बारीक धागा सरकविला कीं त्याचा सूर एकाएकीं भरदार होतो, ही गोष्ट ज्यांच्या घरीं गाणें आहे अशा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. भोपळा तोच, तारा त्याच, छेडणारें बोटही तेंच. बदलला तो केवळ एक धागा. विजेवर वाजणाऱ्या गिटारींत ह्या धाग्याचें काम केसासारखी बारीक तांब्याची तार, दोनतीन कळा आणि सुपारीहून लहान असा एक कंडेन्सर एवढ्याच वस्तु करीत असतात. ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तु कोठें व कशा जोडाव्या हें ज्या गृहस्थांनीं बहुतेक जगास शिकविलें, त्यांस स्वतःस मात्र गिटार वाजवितां येत नव्हती. त्यांचें नांव क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर. लोक त्यांस लिओ फेंडर म्हणून ओळखतात. त्यांचें चरित्र आम्ही ह्या अंकांत थोडक्यांत देत आहों.

लिओचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत १० ऑगस्ट १९०९ रोजीं झाला. अॅनाहाइम व फुलर्टन ह्या दोन गांवांच्या मध्यें त्याच्या आईबापांची संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षीं त्याच्या डाव्या डोळ्यांत गांठ झाली, आणि तो डोळा काढून त्या जागीं कांचेचा डोळा बसवावा लागला. शाळेंत असतांना तो पियानो व सॅक्सोफोन शिकला. परंतु त्याचें खरें मन रमलें तें दुसरीकडेच. त्याच्या नात्यांतील जॉन वेस्ट नांवाच्या गृहस्थांचें सांता मारिया येथें मोटारींच्या विजेच्या कामाचें दुकान होतें. त्यांनीं १९२२ च्या सुमारास ह्या मुलास टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी व एक बॅटरी पाठवून दिली. पुढच्या वर्षीं लिओ त्यांच्याकडे गेला, तों दुकानाच्या दर्शनी भागीं सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ मांडलेला, आणि त्याच्या कर्ण्यांतून मोठ्यानें संगीत चाललेलें! त्या आवाजाचा ठसा त्याच्या मनावरून कधीं पुसला गेला नाहीं. घरीं परत येऊन त्यानें आईबापांच्या घरांतच लोकांचे रेडिओ दुरुस्त करण्यास आरंभ केला.

१९२८ सालीं तो फुलर्टनच्या हायस्कुलांतून उत्तीर्ण झाला व तेथील कॉलेजांत गेला. आमच्या पालकवर्गास कदाचित् आश्चर्य वाटेल, पण तेथें त्यानें घेतलेला विषय विजेचा नव्हता. तो हिशेबनिसाचा होता. विजेचें ज्ञान त्यानें जें मिळविलें तें पुस्तकें चाळून, यंत्रें उघडून व तीं पुन्हा बंद करून मिळविलें. कॉलेज सुटल्यावर बर्फाच्या एका कंपनींत त्यानें आधीं माल पोंचविण्याचें व मागाहून वह्या लिहिण्याचें काम केलें. ह्याच सुमारास एका वाद्यवृंदाच्या चालकानें नृत्याच्या कार्यक्रमांसाठीं ध्वनिवर्धक यंत्रें करून मागितलीं, आणि त्यानें अशीं सहा यंत्रें बांधून दिलीं. १९३४ सालीं त्याचा एस्थर क्लॉस्की ह्या तरुणीशीं विवाह झाला. त्यानंतर त्यानें सरकारी रस्तेखात्यांत हिशेबनिसाची जागा धरली, पण मंदीच्या लाटेंत ती गेली. पुढें एका टायरच्या कंपनींत तो लागला, तों सहा महिन्यांत तेथील सबंध हिशेबखातेंच बंद झालें. घरीं पत्नी, हातीं दोन वेळां हुकलेली नोकरी, आणि पदवीचा उपयोग शून्य. अशा स्थितींत १९३८ सालीं त्यानें ६०० डॉलर कर्ज काढून फुलर्टन येथें रेडिओ दुरुस्तीचें दुकान थाटलें. येथून पुढें त्यांचा उल्लेख आम्ही आदरार्थीं करूं. कारण येथून पुढें ते आपल्या मर्जीचे धनी झाले.

दुकानांत रेडिओबरोबर वादकांचीं वाद्यें व ध्वनिवर्धकही दुरुस्तीस येऊं लागले. युद्धकाळांत डोळ्यामुळें लष्करभरतींतून त्यांस वगळण्यांत आलें. शिवाय १९४२ पासून नवे घरगुती रेडिओ निघणें तेथें बंद झालें होतें, त्यामुळें जुने दुरुस्त करणाऱ्यास कामाची वाण नव्हती. अशा वेळीं त्यांची गांठ डॉक कॉफमन ह्या वादकाशीं पडली. कॉफमन हे पूर्वीं रिकनबॅकर ह्या कंपनीसाठीं काम केलेले गृहस्थ. विजेची हवाईयन गिटार ह्याच कंपनीनें १९३२ च्या सुमारास बाजारांत आणली होती. दोघांनीं मिळून १९४३ सालीं केवळ पिकअपची परीक्षा पाहण्यासाठीं भरीव लांकडाची एक ओबडधोबड गिटार तयार केली. ती परीक्षेपुरती होती. पण गांवोगांवच्या वादकांनीं ती भाड्यानें नेण्यासाठीं नंबर लावले. पोकळ गिटारीस पिकअप लावून आवाज चढविला म्हणजे कर्ण्याच्या आवाजानें तिचें पोट थरारतें, ती थरथर पुन्हा पिकअपमध्यें शिरते, आणि शेवटीं नुसती किंकाळी ऐकूं येते. भरीव लांकूड असें सहजासहजीं थरारत नाहीं. नगारे व पितळी वाद्यें ह्यांच्या कल्लोळांत बसणाऱ्या गिटारवाल्यास हीच अडचण होती. १९४६ सालीं कॉफमन भागींतून बाहेर पडले, आणि फेंडर ह्यांनीं आपली स्वतंत्र कंपनी चालविली.

आतां पिकअप म्हणजे काय, हें आमच्या लहान वाचकांस सांगितलें पाहिजे. विजेच्या गिटारीच्या तारा पोलादी असतात, आणि प्रत्येक तारेखालीं लोहचुंबकाची एकेक कांडी उभी केलेली असते. ह्या कांड्यांच्या भोंवतीं तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. चुंबकाच्या सान्निध्यानें पोलादी तारेस चुंबकत्व येतें, ती कंप पावली कीं वेढ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र तिच्या तालानें कमीअधिक होतें, आणि क्षेत्र बदललें कीं वेढ्यांत वीज उत्पन्न होते. हा नियम मायकेल फॅराडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधून काढला होता. आमच्या प्रयोगशाळेंत वेटोळें, चुंबक व गॅल्व्हानोमीटर घेऊन वरच्या वर्गांस तो दाखविला जातो. ही वीज फार थोडी, बहुधा एका व्होल्टच्या अंशाइतकीच असते. तिला बळ देण्याचें काम ध्वनिवर्धक करितो.

फेंडर ह्यांच्या पुढील काळांतील एका पिकअपमध्यें सुमारे ८,००० वेढे असत, व त्यांची तार ०.०६३ मिलिमीटर इतकीच जाड असे. कारखान्यांतील कामकरी स्त्रिया फिरत्या यंत्रावर ही तार हातानें सांभाळीत गुंडाळीत, त्यामुळें दोन पिकअप हुबेहूब सारखे क्वचितच निघत. वेढे वाढविले म्हणजे वीज वाढते व आवाज मोठा होतो. मग ते वाढवीतच कां जाऊं नये? कारण वेढ्यांबरोबर त्या वेटोळ्याचें जडत्वही वाढतें. जलद बदलणाऱ्या विजेस तें अडवूं लागतें, आणि सुरांतील टणत्कार नाहींसा होऊन आवाज जाड व झांकलेला येतो. मोठेपणा हवा तर तेज सोडावें लागतें. किती सोडावें हें ठरविण्यांतच कारागिराची परीक्षा आहे, आणि आमच्या मतें फेंडर ह्यांनीं तेजाच्या बाजूनें कौल दिला म्हणूनच त्यांची गिटार इतर वाद्यांच्या गर्दींतूनही ओळखूं येते.

१९५० सालीं त्यांची एस्क्वायर नांवाची गिटार बाजारांत आली. केवळ तारांच्या जोडणीनें आवाज किती बदलतो ह्याचें तिच्यासारखें उत्तम उदाहरण आम्हांस दुसरें माहीत नाहीं. तिला पिकअप एकच. पण खटका मात्र तीन ठिकाणीं बसणारा! ज्यांस जोडणीचें मर्म ठाऊक नाहीं त्यांस हा खटका निरर्थकच वाटेल. वस्तुतः पहिल्या ठिकाणीं पिकअपची वीज सुराची कळ टाळून केवळ आवाजाच्या कळेंतून बाहेर पडे, व सूर लखलखीत येई. मधल्या ठिकाणीं सुराची कळ वाटेंत येई, आणि वादक आपल्या मनाप्रमाणें तेज कमी करूं शके. तिसऱ्या ठिकाणीं एक कायमचा कंडेन्सर जोडला जाऊन खर्जाचा दबका आवाज निघे. एका कंठांतून तीन स्वर काढावेत तसाच हा प्रकार होता, आणि त्यास लागलें काय, तर एक खटका, चार हात तार आणि थोडेसे कथलाचे डाग!

कंडेन्सरचें कार्य चाळणीसारखें आहे. त्या वेळीं फेंडर वापरीत तो ०.०५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेऊं. सेकंदास १०० कंपनें असलेल्या खर्जाच्या सुरास तो सुमारे ३२,००० ओहमचा अडथळा करितो. पण सेकंदास ३,००० कंपनें असलेल्या तीव्र सुरास त्याचा अडथळा जेमतेम १,०६० ओहमचा. म्हणजे तीव्र सूर त्याच्यांतून परतीच्या वाटेनें सहज निसटून जातात आणि खर्ज मागें राहतो. सुराची कळ म्हणजे ह्या चोरवाटेचें दार होय. तें किती उघडावें तें वादकाच्या हातीं. कांहीं लोक अमुक जातीचा जुना कंडेन्सर मिळावा म्हणून भलतीच किंमत मोजतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ह्या जागीं कंडेन्सरचें माप महत्त्वाचें आहे. माप तेंच असेल तर तो कागदाचा कीं चिनीमातीचा हें कान सांगूं शकत नाहीं. त्या काळीं छापील मापांत व खऱ्या मापांत शेंकडा वीसपर्यंत फरक चाले, तेव्हां दोन जुन्या गिटारींचा आवाज निराळा लागला तर त्याचें कारण येथेंही शोधावें.

आवाजाच्या कळेचीही अशीच गोष्ट आहे. ती पूर्ण उघडी असली तरी तिच्यांतील रोधांतून थोडी वीज गळतच असते, आणि ह्या गळतीनें तीव्र सुरांची धार बोथट होते. फेंडर ह्यांनीं आपल्या तेजस्वी पिकअपांस २,५०,००० ओहमच्या कळा लाविल्या; त्यांची धार किंचित् बसली व ऐकणाऱ्याच्या कानांस बोंचेनाशी झाली. १९५८ सालच्या जाझमास्टर ह्या गिटारीस मात्र त्यांनीं १०,००,००० ओहमच्या कळा दिल्या. ह्यावरून हीं मापें ठरवितांना सर्वांस एकच माप लावण्याची त्यांची रीत नव्हती हें दिसतें.

गिटारीच्या बाहेरही हेंच मंडल चालू राहतें, ही गोष्ट पुष्कळ वादकांच्या ध्यानीं येत नाहीं. गिटारीपासून ध्वनिवर्धकापर्यंत जाणारी केबल हा स्वतः एक लांबट कंडेन्सरच आहे. साधारण केबलची धारणा दर मीटरास सुमारे १०० पिकोफॅरड भरते. पिकअपचें प्रवर्तन अडीच हेन्री व केबल पांच मीटर धरली, तर त्या पिकअपचा सर्वांत तेजस्वी सूर सेकंदास सुमारे ४,१०० कंपनांच्या आसपास येतो. केबल दहा मीटर केली कीं तो ३,००० पर्यंत उतरतो. जिमी हेंड्रिक्स हा वादक टेलिफोनच्या दोरीप्रमाणें गुंडाळी असलेली लांब केबल वापरीत असे; त्याच्या आवाजांतील मृदुतेस ती थोडीफार कारण होती.

असो. एस्क्वायरच्या मागोमाग दोन पिकअपांची जी गिटार निघाली तिचें नांव ब्रॉडकास्टर असें ठेविलें होतें. परंतु ग्रेश नांवाच्या कंपनीचे नगारे त्याच नांवानें विकले जात असल्यामुळें त्या कंपनीनें हरकत घेतली. फेंडर ह्यांनीं वाद न घालतां तयार पट्ट्यांवरचें तेवढें नांव कात्रीनें कापून टाकविलें, आणि कांहीं काळ गिटारी बिननांवाच्याच विकल्या. १९५१ सालीं तिचें नांव टेलिकास्टर झालें. त्याच वर्षीं त्यांनीं विजेचा बास काढला. माणसाएवढें वाद्य पाठीवर वाहणाऱ्या वादकांचा भार त्यानें हलका झाला. १९५४ सालीं तीन पिकअपांची स्ट्रॅटोकास्टर आली. तिचा खटका तीनच ठिकाणीं बसावा अशी योजना होती. पण वादकांस असें आढळलें कीं तो दोन ठिकाणांच्या मध्यें अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकदम वाजून एक निराळाच पोकळ, गोड आवाज निघतो. कारखान्याने योजिलेला नव्हता असा हा आवाज इतका लोकप्रिय झाला कीं १९७७ सालीं पांच ठिकाणीं बसणारा खटकाच देण्यांत आला.

वादक आपल्या योजनेबाहेर जातात ह्याचा फेंडर ह्यांस राग नसे. स्वतः वाजवितां येत नसल्यामुळें वाजविणाऱ्यांस विचारण्यांत त्यांस कमीपणा वाटत नव्हता. ते नृत्यगृहांत जाऊन आपलें यंत्र कसें चालतें तें पाहत, आणि फ्रेडी टवारेस, बिल कार्सन ह्यांसारख्या वादकांच्या सूचना ऐकून घेत. त्यांच्या गिटारींत दुरुस्ती करणाऱ्याचा हातही स्पष्ट दिसतो. टेलिकास्टरच्या सर्व कळा व खटका एका धातूच्या पट्टीवर बसविलेले आहेत. दोन स्क्रू काढले कीं सगळी जोडणी हातांत येते. मानही स्क्रूंनींच बसविलेली, बिघडली तर बदलावी. टेलिकास्टरच्या पुढच्या पिकअपचा आवाज जोडणीमुळें फार दबका येई तो पुष्कळांस रुचला नाहीं, आणि दोन्ही पिकअप एकत्र वाजविण्याची सोयही नव्हती. वादकांनीं आपआपल्या घरीं तारा बदलून घेतल्या, आणि १९६७ सालीं कारखान्यानेंही ती जोडणी बदलली. येथें मुलांस एक सूचना केली पाहिजे. गिटारीच्या पोटांतील वीज निरुपद्रवी असते, पण जुन्या नळ्यांच्या ध्वनिवर्धकांत शेंकडों व्होल्ट असतात आणि बटन बंद केल्यावरही त्याच्या मोठ्या कंडेन्सरांत ते राहूं शकतात. त्यास जाणत्या माणसावांचून हात लावूं नये.

एका वेटोळ्याच्या पिकअपमध्यें एक दोष होता: घरांतल्या विजेच्या तारांची गुणगुण तो झेलीत असे. १९५५ सालीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर ह्यांनीं दोन वेटोळीं उलटसुलट जोडून ही गुणगुण एकमेकींवर मोडण्याची युक्ति काढली. फेंडर ह्यांनीं १९५७ सालीं आपल्या बासचा पिकअप दोन तुकड्यांत विभागून तेंच साधलें. पण गिटारीस मात्र त्यांनीं एकेरी वेटोळेंच ठेविलें. गुणगुण पत्करली, तेज सोडलें नाहीं.

धंदा अशा भरभराटीस आला असतां शरीरानें दगा दिला. नाकाच्या पोकळ्यांत झालेला संसर्ग वर्षानुवर्षें हटेना. आपण आतां फार दिवस जगत नाहीं अशी त्यांची समजूत झाली, आणि जानेवारी १९६५ मध्यें त्यांनीं कंपनी सी. बी. एस. ह्या प्रचंड कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांस विकून टाकली. पुढें कांहीं वर्षांनीं दुसऱ्या डॉक्टरांच्या उपचारानें ते बरे झाले! प्राण राहिले, पण नांव गेलें होतें. गिटारीच्या माथ्यावर फेंडर हीं अक्षरें लिहिण्याचा अधिकार आतां फेंडर ह्यांस उरला नव्हता. १९६९ सालीं वुडस्टॉकच्या मेळ्यांत हेंड्रिक्सनें वाजविलेली स्ट्रॅटोकास्टर जगानें ऐकली, तेव्हां ती घडविणारा मनुष्य आपल्याच कारखान्याचा मालक नव्हता.

पैशाची वाण नसतां ते स्वस्थ बसले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु पासष्टी उलटल्यावर त्यांनीं म्यूझिक मॅन ह्या नव्या कंपनींत काम आरंभिलें. १९७६ सालीं तिचा स्टिंगरे नांवाचा बास निघाला. त्याच्या पोटांत नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा वर्धक होता. पिकअपची वीज बाहेर पडण्यापूर्वींच तिला बळ मिळाल्यामुळें लांब केबलचा जो परिणाम आम्ही वर सांगितला तो जवळजवळ नाहींसा झाला. १९७९ हें वर्ष त्यांस दुःखाचें गेलें, एस्थरबाई वारल्या. ह्याच सुमारास म्यूझिक मॅनशीं असलेला संबंध सुटून त्यांनीं जॉर्ज फुलर्टन ह्या जुन्या सहकाऱ्याबरोबर जी अँड एल ही कंपनी काढली. (जॉर्ज ह्यांचें आडनांव व गांवाचें नांव एकच असणें हा योगायोग.) दोघांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. ह्या कारखान्याच्या रस्त्यास फुलर्टन शहरानें फेंडर अॅव्हेन्यू असें नांव दिलें होतें. म्हणजे आपलें नांव रस्त्यावर वाचावें, पण रस्त्याच्या कडेस तयार होणाऱ्या गिटारीवर तें नसावें, असा विचित्र योग त्यांच्या वांट्यास आला. १९८० सालीं त्यांनीं फिलिस ह्या बाईंशीं दुसरा विवाह केला.

म्हातारपणींही जुन्याच पिकअपवर नांव कमावीत राहण्याचें त्यांच्या मनांत आलें नाहीं. येथें त्यांनीं चिनीमातीसारख्या द्रव्याचा पट्टीचुंबक वापरून निराळ्या धर्तीचा पिकअप केला. त्यांत प्रत्येक तारेखालचा खांब स्क्रूप्रमाणें वरखालीं करतां येई, व त्याचा आवाज पहिल्यापेक्षां जोमदार होता. त्यांच्या चाहत्यांपैकीं पुष्कळांस १९५४ सालचाच आवाज हवा होता. फेंडर ह्यांस मात्र तो अपुरा वाटत असे. कोणाचें खरें, ह्याचा निकाल आम्ही देऊं शकत नाहीं. कान ज्याचा त्याचा. पुढें कंपवातानें त्यांचे हात थरथरूं लागले, तरी मेजावरचें काम सुटलें नाहीं. २० मार्च १९९१ रोजीं ते कारखान्यांत कामावर होते. दुसऱ्या दिवशीं, २१ मार्च रोजीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं फुलर्टन येथें त्यांचें निधन झालें.